एसएनपी डेटावरून दोन लोकसमधला लिंकेज डिसइक्विलिब्रियम मोजायला कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

तुमचे नमुने तीन ठिकाणचे आहेत आणि ते एकत्र करूनच एलडी (लिंकेज डिसइक्विलिब्रियम, म्हणजे दोन जागांवरच्या ॲलीलचा योगायोगापलीकडचा संबंध) काढायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. सॉफ्टवेअर सांगतेच, पण आधी हे एकत्र करणं थांबवा.

समजा, दोन गटांपैकी एकात दोन्ही लोकसवरच्या (डीएनएवरच्या जागांवरच्या) ठरावीक ॲलीलची (त्या जागेच्या एका रूपाची) वारंवारता ०.९ आहे आणि दुसऱ्यात ०.१. प्रत्येक गटात स्वतंत्रपणे पाहिलं तर एलडी शून्य. आता दोन्ही गट समसमान मिसळा. वारंवारता ०.५ होते, दोन्ही ॲलील एकत्र असलेला हॅप्लोटाइप (एका पालकाकडून आलेला ॲलीलचा संच) मात्र ०.२५ ऐवजी ०.४१ भरतो. आर-वर्ग, म्हणजे एलडीचं शून्य ते एक असं माप, थेट ०.४१! लोकस वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असले तरी हेच होणार, आणि कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला सावध करणार नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणचा एलडी वेगळा काढा.

एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) हजारोंनी असतील तर प्लिंक घ्या. मी तेच वापरते. जीनोटाइपमधल्या ॲलीलच्या संख्येवरून ते आर-वर्ग काढतं, त्यामुळे आधी फेजिंग (कोणते ॲलील एकाच पालकाकडून आले ते ठरवणं) लागत नाही. फक्त प्लिंक १.९ मध्ये ०.२ पेक्षा कमी आर-वर्ग असलेल्या जोड्या आपोआप गाळल्या जातात. अंतरानुसार एलडी कसा घटतो हा आलेख काढायचा असेल तर ही मर्यादा शून्यावर आणा, नाहीतर आलेख ०.२ च्या खाली उतरणारच नाही. विंडोची मर्यादाही वाढवा, मूळ सेटिंगमध्ये फक्त अगदी शेजारचे एसएनपी तपासले जातात.

एखाद्या छोट्या भागातल्या एलडीचं त्रिकोणी चित्र हवं असेल तर हॅप्लोव्ह्यू अजूनही चालतं. एसएनपीऐवजी मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) असते तर जीनपॉप सुचवलं असतं. पण त्याची चाचणी पी-मूल्य देते, संबंध किती घट्ट आहे ते नाही. शिवाय १२ लोकसच्या ६६ जोड्या होतात, त्यातल्या तीनेक निव्वळ योगायोगानेही ५ टक्क्यांच्या पातळीवर लक्षणीय ठरतात.

डी-प्राइम या एलडीच्या दुसऱ्या मापापेक्षा आर-वर्गावर भर द्या. दुर्मीळ ॲलील असले की चारपैकी एखादा हॅप्लोटाइप नमुन्यात सापडतच नाही आणि डी-प्राइम लगेच १ होतो. आर-वर्गालाही लहान नमुना बाधतो: एका ठिकाणचे २० च जीव असतील तर काहीही संबंध नसताना सरासरी ०.०५ च्या आसपास येतो. ठिकाणांची तुलना करताना नमुन्यांची संख्या सारखी ठेवा.