कोण आलं ते सोड, सीट कुणाची गेली ते बघ

प्रिय,

तुझा मेसेज रात्रीच आला होता पण मी सकाळी चहा घेताना नीट वाचला, दोनदा वाचला. चिडलायस हे पहिल्याच ओळीत कळलं. नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कार रेसिंगच्या, सगळ्यात वरच्या कप सिरीजचा मोठा ड्रायव्हर यंदा तीन शनिवार खालच्या सिरीजमधली तुमची गाडी चालवणार, त्या तीन रेसला तुमचा एकोणीस वर्षांचा पोरगा बाहेर बसणार, आणि वर तुलाच सांगितलंय की त्या गाडीचा रेस इंजिनिअर तू. तू लिहिलंस, काका हे म्हणजे दहावीच्या पेपरला प्रोफेसरला बसवण्यासारखं आहे, मी सरळ नाही म्हणणार. नाही म्हणायच्या आधी माझं ऐकून घे, मग तुला काय करायचं ते कर.

हा वाद तुझ्यामाझ्या आधीपासूनचा आहे. ही तुमची दोन नंबरची सिरीज, बहुतेक शनिवारी पळणारी, कप रविवारी, स्पॉन्सर बदलला की हिचं नाव बदलतं, बुश म्हण, नेशनवाइड म्हण, एक्सफिनिटी म्हण, २०२६ पासून ओ'रायली म्हण, इथे कपवाले कायम उतरत आलेत. बुश नाव होतं (हा स्पॉन्सर, ड्रायव्हर काइल बुश वेगळा) त्या काळात त्यांना 'बुशव्हॅकर' असं चिडवायचे लोक. २००६ ला हार्विक, २००७ ला कार्ल एडवर्ड्स, २००८ ला बोयर, २००९ ला काइल बुश, २०१० ला केसेलोव्स्की, सलग पाच वर्षं खालच्या सिरीजची चॅम्पियनशिप वरच्या सिरीजमध्ये फुल टाइम पळणाऱ्यांनी नेली. मग २०११ ला नॅसकारने सांगितलं की पॉइंट्स एकाच सिरीजचे मिळतील, कुठली ते आधी ठरवा, आणि त्या वर्षी स्टेनहाउस चॅम्पियन झाला, म्हणजे खालच्याच सिरीजचा माणूस. पण पॉइंट्स नसले तरी ट्रॉफी मिळते ना, त्यामुळे येणं काही थांबलं नाही, म्हणून २०१७ ला अनुभवी कप ड्रायव्हरला वर्षाला दहाच रेस, २०१८ ला सात, २०२० ला पाच, अशी लिमिट आणली. त्याआधी २०१० ला एकट्या काइल बुशने एका सीझनमध्ये १३ रेस जिंकल्या होत्या आणि पुढे त्याचा आकडा शंभराच्या वर गेला, त्यामुळे लोकांचा राग समजू शकतो.

पण मला विचारशील तर या सगळ्या नियमांनी चुकीची गोष्ट मोजली. त्यांनी ड्रायव्हर किती वेळा आला ते मोजलं, तो कुणाच्या सीटवर बसला ते मोजलंच नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तेवढाच आहे.

आता हे बघ. २०१२ चा डिसेंबर, फ्लोरिडात पेन्साकोलाला फाइव्ह फ्लॅग्स स्पीडवेवर स्नोबॉल डर्बी, सुपर लेट मॉडेल नावाच्या, छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांची ३०० लॅपची, म्हणजे फेऱ्यांची रेस. तिथे काइल बुश स्वतः आला होता, कपमधला तेव्हाचा एकदम टॉपचा माणूस. आणि सोळा वर्षांच्या एरिक जोन्सने त्याला मागे ठेवून ती रेस जिंकली. पुढे काय झालं, बुशने त्याच पोराला नॅसकारच्या ट्रक सिरीजमधल्या स्वतःच्या टीममध्ये घेतलं, २०१५ ला तो ट्रकचा चॅम्पियन झाला, मग कपमध्ये गेला. बुश त्या दिवशी घरी बसला असता तर जोन्स तरीही जिंकला असता कदाचित, पण कुणाला हरवून जिंकला याचं वजन नसतं पडलं. त्या रेसमध्ये बुशने जोन्सची गाडी काढून घेतली नव्हती, तो आपली गाडी घेऊन शेजारी उभा राहिला होता. आपल्याकडे तालमीत नाही का, वस्ताद पोराला अंगावर घेतो, घामाघूम करतो, चार वेळा मातीत घालतो, पण खासबागेत त्या पोराची ठरलेली जोड तो स्वतः लढायला जात नाही.

दुसरं उदाहरण रॉस चॅस्टेनचं, हे मला जास्त जवळचं आहे. कलिंगडाची शेती करणाऱ्या घरातला माणूस, कित्येक सीझन छोट्या बजेटच्या टीमची गाडी रेटत होता, कुणी विचारत नव्हतं. २०१८ ला त्याला गनासी या तगड्या टीमच्या ४२ नंबरच्या गाडीत फक्त तीन रेस मिळाल्या, जिच्यात त्याच वर्षी कपवाला काइल लार्सन बसायचा आणि जिंकायचा. डार्लिंग्टनला चॅस्टेनने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा घेतली, दोन्ही स्टेज, म्हणजे रेसचे पहिले दोन टप्पे जिंकले, ९० लॅप सगळ्यांच्या पुढे राहिला, आणि शेवटी लीडसाठी हार्विकशी भिडला तेव्हा दोघांचीही रेस गेली. दोन आठवड्यांनी लास वेगासला तो जिंकला. माणूस तोच होता रे, हात तेच होते, फक्त खालची गाडी बदलली! आणि हे कळायला दोन गोष्टी लागल्या, एक चांगली सीट कुणीतरी रिकामी ठेवली, आणि समोर हार्विकसारखा कप चॅम्पियन होता ज्याच्याशी तुलना झाली. दोन्ही लागतात, एकावर भागत नाही.

म्हणून तुझा राग मी अर्धा मानतो. तीन रेससाठी पोराला गाडीतून खाली उतरवणं मला आवडलेलं नाही, एक्स्ट्रा गाडी काढायला हवी होती. पण पैशाची बाजूही बघ, स्पॉन्सर त्या कपवाल्याच्या नावावर चेक देतो आणि बऱ्याचदा त्याच चेकवर पोराच्या बाकीच्या रेसचे टायर येतात, शॉपमधल्या फॅब्रिकेटरचा पगार निघतो. हे मी शॉपमध्ये इतकी वर्षं बघत आलोय, त्यामुळे सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो जी मी फारशी कुणाला सांगत नाही. खूप वर्षांपूर्वी, मी एका टीममध्ये होतो, नाव राहू दे. मार्टिन्सव्हिलचा शुक्रवार. आमच्याही पोराची सीट त्या आठवड्यापुरती एका कप ड्रायव्हरला दिली होती. शॉर्ट ट्रॅकवर आमचा पोरगा तीन रेसपासून एकच तक्रार करत होता, गाडी कॉर्नरमधून बाहेर निघताना लूज आहे, मागचं ढुंगण सरकतंय, आणि आम्ही दर वेळी गाडी टाइट, म्हणजे वळायला जड, करत होतो आणि ती दर वेळी जास्तच बिघडत होती. तो कप ड्रायव्हर प्रॅक्टिस करून आला, हॉलरमध्ये, म्हणजे टीमच्या मोठ्या ट्रकमधल्या खोलीत, शिरला, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागला. म्हणाला, एन्ट्रीला ठीक आहे, मधे गाडी वळतच नाही, म्हणून मी स्टिअरिंग जास्त देतो, ते जास्त दिलेलं स्टिअरिंग घेऊन गॅसवर गेलो की पुढचे टायर एकदम पकडतात आणि मागचं सुटतं, तुम्ही बाहेरचं लूज बघू नका, मधलं टाइट काढा. आम्ही वेज, म्हणजे चाकांवर तिरपं वाटलेलं वजन, कमी केली. अर्ध्या तासात गाडी बरी झाली. तीन रेसची चूक होती आमची, आणि त्याने ती जेमतेम चार मिनिटांत सांगितली.

आणि आमचा पोरगा कुठे होता माहितीये? हॉलरच्या दाराबाहेर, टीमचा शर्ट घालून, पाण्याची बाटली हातात धरून उभा. आत नऊ-दहा माणसं दाटीवाटीने बसलेली आणि एकानेही त्याला आत ये म्हटलं नाही. मी पण नाही. मला काचेतून दिसत होता. त्याच्याच गाडीचं, त्याच्याच तक्रारीचं उत्तर दहा फुटांवर दिलं जात होतं आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही, पुढच्या सोमवारी त्याला सेटअप शीट मिळाली फक्त आकड्यांची, वेज एवढी का, हे त्याला कुणी सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्याने रेसिंग सोडलं. त्या शुक्रवारमुळेच सोडलं असं मी म्हणणार नाही, कारणं खूप होती, पण ते दार मला अजून दिसतं.

तर माझं म्हणणं आहे की तू हो म्हण. तू नाही म्हणालास तर त्या खुर्चीवर दुसरा कुणीतरी इंजिनिअर बसेल ज्याला पोराचं काही पडलेलं नसेल. पण हो म्हणताना क्रू चीफशी, म्हणजे गाडीच्या टीमच्या प्रमुखाशी, आधी बोलून घे, आत्ता, करारावर सह्या व्हायच्या आत. पोरगा तिन्ही वीकेंडला प्रत्येक डिब्रीफला, म्हणजे गाडी पळवून आल्यावरच्या चर्चेला, आत बसेल, रेसमध्ये हेडसेट लावून आपल्या चॅनलवर असेल, आणि रेसनंतर कप ड्रायव्हर त्याला अर्धा तास देईल. यातलं काही महाग नाहीये, फक्त कुणीतरी मागायला हवं, आणि बहुतेक ड्रायव्हर आनंदाने देतात, त्यांनाही कधीतरी कुणीतरी दिलेलं असतं.

टेक्निकल बाजू तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे तरी सांगतो. पूर्वी कपवाले म्हणायचे की आम्ही शनिवारी शिकायला येतो, रविवारी उपयोग होतो. २०२२ ला कपमध्ये नेक्स्ट जेन गाडी आली आणि ते कारण अर्धं पडलं. तिकडे आता इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन, पाच गिअरचा सिक्वेन्शिअल बॉक्स, १८ इंची अॅल्युमिनिअमचं चाक आणि एकच नट. तुमच्याकडे अजून सॉलिड अॅक्सल, ट्रॅक बार, चार गिअरचा एच पॅटर्न, १५ इंची स्टीलचं चाक, पाच नट. म्हणजे तुमच्या गाडीचा सेटअप तो रविवारी वापरू शकत नाही. ट्रॅकवर ग्रूव्ह, म्हणजे जास्त पकड देणारा पट्टा, कुठे तयार होतोय, रिस्टार्टला कुठली लाइन पकडतेय, एवढं त्याला मिळेल. तुम्हाला मात्र भरपूर मिळेल, कारण त्याचे ब्रेक आणि थ्रॉटलचे ट्रेस, म्हणजे कुठे किती दाबलं त्याचे आलेख, तुझ्या हातात येणार. पोराचे मागचे ट्रेस काढ, एकावर एक टाक, आणि ब्रेक सोडण्याचा भाग बघ, ब्रेक मारण्याचा नाही. पोरं सगळी ब्रेक उशिरा मारायला शिकतात, हळू सोडायला कुणी शिकवत नाही.

दुखापतीचं तू विचारलंस. धोका आहेच, २०१५ ला डेटोनाला शनिवारच्या रेसमध्ये काइल बुश भिंतीवर गेला, उजवा पाय आणि डावं पाऊल मोडलं, कपच्या ११ रेस हुकल्या, आणि तरी त्याच वर्षी तो कप जिंकला. ती काळजी त्याच्या कप टीमची, तू नको घेऊस.

पोराशी मात्र आजच बोल, दुसरीकडून कळायच्या आत. त्याला समजवत बसू नकोस की हे तुझ्या भल्याचं आहे, त्याला राग येऊ दे, तो रास्त आहे. फक्त सांग की मी या गाडीवर आहे आणि तू आत असणार आहेस. पहिल्या शुक्रवारी कुणीतरी नक्की म्हणेल की हॉलरमध्ये जागा नाही. कूलर ओढून घे दारातला, झाकण लाव, आणि त्यावर बसव त्याला.

तुझा,
काका