सबमिलिमीटर कॅमेऱ्याच्या कामासाठी एडिनबर्गला यायचं म्हणतोस तर

तू विचारलंस, "ताई, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. झालंय, एडिनबर्गला सबमिलिमीटर कॅमेऱ्याच्या चाचण्यांचं काम मिळतंय, पण खगोलशास्त्र शिकलेलो नाही. येऊ का?"

ये. सबमिलिमीटर म्हणजे मिलिमीटरहून थोडी कमी तरंगलांबी असलेले, डोळ्यांना न दिसणारे किरण. खगोलशास्त्र इथे रोज कानावर पडून येतं. हाताला व्हॅक्यूम आणि अतिथंड उपकरणांची सवय मात्र तिथूनच लावून घे. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) लो टेंपरेचरचं काम चालतं. ओळख काढून महिनाभर नुसतं बघायला मिळालं तरी जा.

या कामाला एडिनबर्ग नवखं नाही. हवाईतल्या मौना केआवर 4092 मीटर उंचीवर 15 मीटर व्यासाची जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बीण आहे. तिचा स्कुबा-2 कॅमेरा इथल्याच ब्लॅकफर्ड टेकडीवरच्या वेधशाळेत जुळवला. आधीच्या स्कुबात सव्वाशेच्या आसपास डिटेक्टर होते, यात दहा हजारांवर आहेत, 450 आणि 850 मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांसाठी. प्रत्येकाची वेगळी तार बाहेर काढली असती, तर तारांवाटेच उष्णता आत शिरली असती. म्हणून स्क्विड, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय बदल टिपणारे सेन्सर, वापरून ते ओळीओळीने वाचतात. तुझं इलेक्ट्रॉनिक्स इथे कामाला येईल.

हे डिटेक्टर 0.1 केल्विनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ उणे 273 अंश सेल्सियसला चालतात आणि थंड धुळीची अंधूक ऊब टिपण्यासाठी घडवलेले असतात. प्रयोगशाळेतली 300 केल्विनची, म्हणजे खोलीच्या साध्या तापमानाची भिंतसुद्धा त्यांना सोसत नाही. तिच्या उष्णतेने डिटेक्टरमधला अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा) थर सामान्य धातूसारखा होतो आणि सिग्नलच येत नाही. म्हणून पहिली चाचणी कॅमेऱ्याची खिडकी बंद करून, पूर्ण अंधारात. नॉइज किती, किती पिक्सेल जिवंत, चुंबकीय कवच पुरेसं आहे का, हे सगळं तेव्हाच कळतं.

पूर्वी मी होते त्या प्रयोगशाळेत एकदा तापमान शेवटच्या टप्प्यावर उतरेचना. कित्येक दिवस आम्ही पंपावर संशय घेतला. शेवटी क्रायोस्टॅट (उपकरण अतिथंड ठेवणारं, थरांचं निर्वात भांडं) गरम करून उघडला, तर एक केबल बाहेरच्या, जास्त गरम कवचाला टेकलेली! पुन्हा थंड करण्यात आणखी दिवस गेले. तेव्हापासून झाकण लावण्यापूर्वी मी प्रत्येक थराचे फोटो काढते आणि वहीत तारखेसह नोंदते. तूही ही सवय लाव. या कामातला बराच वेळ असा वाट पाहण्यात जातो. त्यात तुझं मन रमेल का, याचा खरंच नीट विचार कर.

व्हिसाआधी अ‍ॅटासची, म्हणजे संवेदनशील विषयांतल्या संशोधनासाठी ब्रिटिश सरकार देतं ती मंजुरी लागते, ती यायला आठवडे जातात. कधी हवाईला पाठवलं, तर आपल्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसाही वेगळा काढावा लागेल. वर दुर्बिणीकडे जाताना वाटेतल्या हाले पोहाकू या मुक्कामाच्या तळावर थांबून शरीराला उंचीची सवय होऊ दे, आणि करायच्या कामांची यादी खालीच लिहून ने. विरळ हवेत साधी बेरीजही चुकते. डिसेंबरमध्ये इथे पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा घर घेताना हीटिंग आणि खिडक्या आधी बघ.

जागा नोकरीची आहे की पीएचडीची, ते कळव. कागद वेगळे लागतात.