रोजची गाडी आणि डोंगरातली वाट : वाचकांचे वाहनविषयक प्रश्न

प्रश्न : मी साताऱ्यात राहते आणि नोकरीनिमित्त आठवड्यातून सहा दिवस महामार्गाने कराडला ये-जा करते. माझ्याकडे मारुती जिम्नी आहे. आमची वडिलोपार्जित जमीन ठोसेघरच्या पुढच्या डोंगरभागात असून शेवटचे तीनेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे. पावसाळ्यात तेथे लाल चिखल होतो, तर उन्हाळ्यात जांभ्याचे दगड उघडे पडतात. गाडीवर साठ हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. गॅरेजवाल्याने गाडी दोन इंच उचलण्याचा, मोठे टायर घालण्याचा आणि पुढे लोखंडी गार्ड बसवण्याचा सल्ला दिला आहे. सुरुवात कशापासून करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील तीन किलोमीटरच्या कच्च्या वाटेचा नसून रोजच्या शंभर किलोमीटरच्या महामार्गाचा आहे. जो बदल डोंगरात महिन्यातून चार वेळा उपयोगी पडेल, पण महामार्गावर ब्रेक लागण्याचे अंतर वाढवील किंवा स्टिअरिंग सैल करील, तो कितीही स्वस्त असला तरी आपल्याला महागच पडेल. जिम्नीला स्वतंत्र चेसिस, पुढे आणि मागे अखंड ॲक्सल (दोन चाके जोडणारा आडवा दांडा), लो रेंज म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर असलेला ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, कंपनीकडूनच मिळते. आपण वर्णन केलेल्या वाटेसाठी ही गाडी मुळातच पुरेशी आहे. उणीव आहे ती जमिनीवरच्या पकडीची आणि अडकल्यास बाहेर पडण्याच्या साधनांची. त्यामुळे पैसेही तेथेच घालावेत.

पहिला खर्च टायरांचा. कंपनीचे टायर प्रामुख्याने डांबरी रस्त्यासाठी असतात आणि लाल माती त्यांच्या उथळ खाचांत क्षणात भरून बसते. आपल्यासाठी ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे टायर योग्य ठरतील, आणि तेही शक्यतो 195/80 आर 15 या मूळ मापातच. माप वाढवण्याचा मोह का टाळावा, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. मूळ टायरचा व्यास सुमारे 693 मिलिमीटर भरतो, तर गॅरेजमध्ये सुचवल्या जाणाऱ्या 235/75 आर 15 या टायरचा सुमारे 733 मिलिमीटर. व्यास चाळीस मिलिमीटरने वाढला तरी गाडी वर जाते ती त्याच्या निम्मी, म्हणजे वीस मिलिमीटर. त्याबदल्यात स्पीडोमीटरवर 80 दिसत असताना गाडी प्रत्यक्षात जवळपास 85 च्या वेगाने धावत असते, गिअर लांबल्यासारखे होऊन घाटात इंजिन दमते आणि जड चाक थांबवण्याचा भार ब्रेकवर येतो. टायर निवडताना त्याच्या बाजूवर छापलेला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नाही, एवढे आवर्जून पाहावे. ऑल टेरेन टायरचा आवाज थोडा अधिक येतो आणि पेट्रोलही किंचित जास्त लागते, हे आधीच मान्य करून चालावे. स्टेपनीही त्याच मापाची हवी. फोर व्हील ड्राइव्हमध्ये एका चाकाचा व्यास वेगळा असेल, तर ट्रान्सफर केसवर अकारण ताण येतो.

दुसरा खर्च अगदी लहान आहे, पण माझ्या मते त्याच्याइतका फायदा दुसऱ्या कोणत्याही वस्तूने होत नाही. तो म्हणजे विश्वासार्ह प्रेशर गेज आणि बॅटरीला थेट जोडता येणारा हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर. कच्चा रस्ता सुरू होताच चारही टायरांतील हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचे एकक) उतरवली, की टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाभोवती दबून त्याला धरतो आणि गाडीचे हादरेही कमी होतात. या दाबावर वेग ताशी वीस-पंचवीसच्या पुढे नेऊ नये आणि वळण झटक्याने घेऊ नये, अन्यथा टायर रिममधून सुटू शकतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी, चालकाच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर दिलेल्या दाबाइतकी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेच्या टायरने महामार्गावर धावल्यास त्याची बाजू तापून तो फुटण्याचा धोका असतो. कॉम्प्रेसर सोबत ठेवायचा तो यासाठीच.

तिसरा खर्च बाहेर काढण्याच्या साधनांचा. आपल्याकडे गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलावून लोखंडी साखळी मिळेल तेथे अडकवण्याची पद्धत आहे. ती अत्यंत धोकादायक आहे आणि याविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. झटक्याने ओढताना साखळी तुटली किंवा कमकुवत हूक उपटला, तर तो तुकडा जवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. ट्रेलरसाठी बसवलेल्या टो बॉलला दोर अडकवून कधीही झटका देऊ नये. चेसिसला पक्का बसवलेला, वजनक्षमता नमूद असलेला हूक, ताणली जाणारी कायनेटिक दोरी आणि 4.75 टन क्षमता कोरलेले दोन शॅकल (दोरी हुकाला जोडणाऱ्या पोलादी कड्या) घ्यावेत. क्षमता न कोरलेले स्वस्त शॅकल विकत घेऊ नयेत. ओढताना दोरीवर ओले गोणपाट टाकावे आणि बघ्यांना दोरीच्या लांबीपेक्षा अधिक दूर उभे करावे. एक फावडे कायम गाडीत असू द्यावे, कारण चाकापुढची माती काढली तर निम्म्या वेळा दोरीची गरजच पडत नाही.

आता गाडी उचलण्याविषयी. स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच उचलली तर तिचा सांगाडा वर जातो, पण अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा आहे तेथेच राहतो, कारण त्याची उंची केवळ टायरच्या व्यासावर ठरते. आपल्या वाटेवर चाकोरीच्या मधला उंचवटा घासतो तो बहुधा याच गोळ्याला. याउलट, उचललेल्या गाडीचा कॅस्टर कोन, म्हणजे पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग-आसाचा कल, बदलून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकू लागते, ॲक्सलला चेसिसशी आडवे बांधणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो, ब्रेकचे होज ताणले जातात आणि मुळातच उंच व अरुंद असलेली गाडी घाटाच्या वळणावर अधिक कलते. हे सर्व दुरुस्त करता येते, पण साठ हजारांत नीट होत नाही, आणि अर्धवट करणे आपल्या रोजच्या प्रवासाला परवडणारे नाही. टायर व साधने घेतल्यानंतर रक्कम उरली, तर ट्रान्सफर केस आणि पेट्रोलच्या टाकीखाली जाड पत्र्याचे संरक्षक कवच बसवून घ्यावे. जांभ्याच्या उघड्या दगडांसाठी तो खर्च सार्थकी लागेल. ऑइल काढण्यासाठी त्या पत्र्याला भोके ठेवायला मात्र सांगावे.

चालवण्याविषयी दोन गोष्टी सांगतो. आपल्या गाडीची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट टाइम स्वरूपाची, म्हणजे गरजेपुरतीच लावायची आहे. कोरड्या डांबरावर ती लावल्यास पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी झगडतात. चढावर एक चाक हवेत फिरू लागले, तर घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नये. लो रेंजमध्ये स्थिर, हलका दाब ठेवल्यास गाडीची ब्रेक एलएसडी यंत्रणा फिरणारे चाक आवळते आणि जमिनीवरच्या चाकाकडे ताकद पोहोचते. याशिवाय एक विनंती आहे. आपल्या भागातील सडे (डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारे) आणि कासचे पठार यांवरची माती बोटभर खोलीची असते आणि पावसाळ्यातील सारी फुले तिच्यावरच उगवतात. कास 2012 पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे. गाडी कितीही समर्थ असली तरी चाक मळलेल्या वाटेबाहेर घालू नये.

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. जुनी फोर बाय फोर पिकअप बागेत आणि सांगलीच्या बाजारात रोज चालते. काळ्या मातीत ऑल टेरेन टायरही गुळगुळीत होतात. खास चिखलासाठीचे मड टेरेन टायर घ्यावेत का? 2019 च्या महापुरानंतर स्नॉर्केलचाही (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) विचार मनात आहे.
— एक बागायतदार, जि. सांगली

उत्तर : काळी माती भिजली की फुगते आणि टायरला चिकटून थरावर थर चढवते. मड टेरेन टायरच्या रुंद खाचा फिरताना ही माती बाहेर फेकतात, म्हणून तेथे त्यांचा उपयोग निश्चित होतो. मात्र ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते, ते लवकर झिजतात आणि सांगलीच्या रोजच्या फेऱ्यांत त्यांचा घुमणारा आवाज त्रास देतो. बागेतील नेहमीच्या वाटेवर मुरूम टाकून दोन चाकोऱ्या पक्क्या करून घेणे आणि इतरत्र वापसा, म्हणजे चिखल ओसरून कामाजोगी ओल, येईपर्यंत गाडी न घालणे, हा उपाय टायरांच्या संचापेक्षा स्वस्त आहे. वापसा नसताना जड गाडी फिरवल्याने जमीन दाबली जाऊन मुळांचेही नुकसान होते.

स्नॉर्केल इंजिनाला हवा देतो, गाडीला पाण्यात स्थिर ठेवत नाही. वाहत्या पाण्यात फूटभर प्रवाहसुद्धा लहान गाडी फरशी पुलावरून सरकवू शकतो, त्यामुळे पुराच्या भरवशावर तो बसवू नये. ओढ्यातून नेहमी जावे लागत असेल, तर डिफरन्शियलच्या ब्रीदरला (आतली हवा ये-जा करण्याच्या छिद्राला) रबरी नळी जोडून ती वर बॉनेटपर्यंत नेऊन घ्यावी. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसले, तर हेच घडले असे समजून ते ताबडतोब बदलावे.

प्रश्न : पहिल्या पत्रातील लोखंडी गार्डप्रमाणे मीही बुल बार, म्हणजे पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड, बसवू इच्छितो. त्याला कायद्याची हरकत आहे का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : होय. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले, की असे गार्ड बसवणे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 चा भंग करणारे आहे. अपघातात चेसिसकडे थेट धक्का पोहोचवणारा हा बार एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडवू शकतो आणि पादचाऱ्याला होणारी इजा वाढवतो. विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावरून दाव्यात अडचण आणू शकते. बारसाठी ठेवलेले पैसे आपण दोरी आणि शॅकलवर खर्च करावेत.