पाणी, गॅस, वीज आणि घरातली बेगमी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मे महिना सरत आला की वाचकांच्या पत्रांत दोन विषय हटकून येतात : तलावांत पाणी किती उरले आणि पावसाळ्यात घर कसे सांभाळायचे. यंदाच्या पत्रांतून निवडक प्रश्न घेऊन त्यांची उत्तरे देत आहे. अनेकांनी महिनाभराच्या साठ्याची यादी मागितली आहे; परंतु मुंबईत जागा कमी, हवा दमट आणि अडचण बहुधा एक-दोन दिवसांची असते, हे ध्यानात घेऊनच पुढची उत्तरे वाचावीत.

प्रश्न : आम्ही चौघे एका बेडरूमच्या घरात राहतो. पाणीकपात सुरू झाली की मी पिंप भरून ठेवते. पण डेंग्यूच्या तपासणीसाठी येणारे महापालिकेचे कर्मचारी साठवलेले पाणी ओतून द्यायला सांगतात. पाणी साठवावे की नाही? साठवावे तर किती? (गोरेगाव)

उत्तर : साठवावे, मात्र पिण्याचे आणि वापरायचे पाणी वेगळे ठेवावे आणि दोहोंचे नियमही वेगळे पाळावेत. मुंबईचे पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा या सात तलावांतून येते आणि जूनमध्ये पाऊस लांबला की कपात लागू होते. २०२३ मध्ये १ जुलैपासून दहा टक्के कपात होती. २०२४ मध्ये ३० मेपासून पाच आणि ५ जूनपासून दहा टक्के. एवढ्या कपातीने सहसा घर अडत नाही, नळाची वेळ थोडी आखडते इतकेच. घर अडते ते जलवाहिनी फुटते तेव्हा, किंवा वीज गेल्यामुळे सोसायटीचा पंप बंद पडून जमिनीखालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढत नाही तेव्हा. असा प्रसंग बहुतेक वेळा एका-दोन दिवसांत निवळतो, म्हणून दोन दिवसांची तजवीज पुरेशी आहे.

पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी रोज पाच लिटर धरले, तर चौघांना दोन दिवसांसाठी चाळीस लिटर लागतात. म्हणजे वीस लिटरचे घट्ट झाकणाचे दोन डबे. ते ओट्याखाली मावतात. भांडी, शौचालय आणि हातपाय धुण्यासाठी शंभर लिटरचे एक पिंप काटकसरीने वापरल्यास दोन दिवस निभावून नेते. शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलो होते, तेव्हा जुन्या इमारतीत पोटमाळ्यावर किंवा पुढे काढलेल्या गॅलरीत पिंप भरून ठेवू नये.

आता डासांविषयी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करण्याचा आग्रह धरला जातो. पण नुसते पाणी ओतून काम भागत नाही, आणि बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. हा डास अंडी घालतो ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पिंप पुन्हा भरले की फुटतात. म्हणून पिंप रिकामे केल्यावर आतली कड काथ्याने किंवा ताठ ब्रशने खरवडून घासावी, उन्हात उपडे ठेवावे आणि मगच भरावे. झाकण बसत नसेल तर जुन्या धोतराचे दुहेरी कापड तोंडावर ताणून बांधावे. आठवड्याचा वार ठरवून हे केल्यास तपासनीसांना दाखवायला घासलेले पिंप असते आणि वादाचे कारण उरत नाही. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुंडीखालची बशी मात्र नेमकी विसरली जाते.

आणखी एक. पुरवठा पूर्ववत होताना पहिले पाणी बहुधा गढूळ येते. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी खळखळून उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरील प्रमाणानुसार टाकून अर्धा तास थांबावे. आरओ किंवा यूव्ही यंत्र विजेवर चालते, ही गोष्ट वीज गेल्यावरच आठवते.

प्रश्न : टंचाईची किंवा भाववाढीची बातमी आली की वाण्याकडे रांग लागते. घरात नेमके किती धान्य असावे, आणि पावसाळ्यात त्याला कीड लागू नये म्हणून काय करावे? (मुलुंड)

उत्तर : रांगेत उभे राहण्याची गरज पडू नये, इतके असावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यावर लोक रातोरात पिठाच्या पिशव्या घेऊन आले आणि जूनमध्ये त्यांतले बरेचसे पीठ अळ्या पडून टाकावे लागले. वेगळा ‘आपत्तीचा डबा’ भरून माळ्यावर ठेवण्याला माझा विरोध आहे. तो उघडतो तेव्हा आत जाळी लागलेली असते. रोज जे शिजते तेच दहा दिवसांचे जास्त ठेवावे, नवे सामान डब्यात मागे सारावे आणि जुने आधी वापरावे. चार माणसांच्या घरात तांदूळ आणि गहू-ज्वारी मिळून दहा दिवसांना साधारण बारा किलो, डाळी-कडधान्ये तीन किलो आणि तेल एक ते दीड लिटर लागते. आपल्या घरच्या खाण्याप्रमाणे हे प्रमाण कमीजास्त करावे.

गहू टिकतात, पीठ टिकत नाही. परंतु वीज नसली की गिरणीही बंद असते, त्यामुळे दळण अगदी तळाला जाईपर्यंत थांबू नये. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून, पूर्ण गार झाल्यावर भरावा. गरम रवा डब्यात घातला तर वाफ धरते आणि दोन आठवड्यांत गुठळ्या होतात. पोह्यांना मे महिन्याचे ऊन दाखवून ठेवावे. तूरडाळीला आणि गव्हाला एरंडेल तेलाचा हात लावण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे : पाच किलोला दोन-तीन चमचे तेल तळहातावर घेऊन दाणा न् दाणा चोळावा. तांदळाला बोरिक पावडर लावण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. ती पोटात जाणे घातक असल्यामुळे लहान मुलांच्या घरात तरी मी ती सुचवणार नाही. सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून थरांमध्ये ठेवावा.

यात चूल न पेटवता खाता येईल असेही काही हवे. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, गूळ, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू घरात असतातच. सातूचे पीठ दुधात किंवा पाण्यात गूळ घालून कालवता येते. पातळ पोह्यांचे दडपे पोहे तर विस्तवावाचून होणारे पूर्ण जेवण आहे : नारळ, कांदा, लिंबू घालून अर्धा तास दडपून ठेवायचे, फोडणी नसली तरी बिघडत नाही. दुधासाठी न उघडलेला टेट्रापॅक फ्रिजबाहेर टिकतो. उघडल्यावर मात्र तो साध्या दुधासारखाच.

प्रश्न : आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. सावधगिरी म्हणून इंडक्शन घ्यावे की जवळ एक सिलिंडर ठेवावा? (दहिसर)

उत्तर : आधी अडचण कोणती आहे, हे ठरवावे. इंडक्शन गॅसच्या अडचणीवरचा उपाय आहे, विजेच्या नव्हे. आणि घरगुती इन्व्हर्टरवर ते चालत नाही. दोन हजार वॅटचे इंडक्शन नऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते, म्हणून ते सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर न लावता सोळा अँपिअरच्या प्लगवरच लावावे. तळाला लोहचुंबक चिकटते तीच भांडी त्यावर चालतात. घरातला ॲल्युमिनियमचा जुना कुकर चालणार नाही.

सिलिंडरविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पाइपच्या गॅसच्या शेगडीला सिलिंडर जोडून भागत नाही, कारण दोन्ही वायूंचा दाब आणि बर्नरच्या जेटचे छिद्र वेगळे असते; तशी जोडणी धोक्याची आहे. ओळखीच्या माणसाकडून विनानोंदणीचा सिलिंडर आणून ठेवण्याचा विचारही करू नये. आपल्या बाबतीत इंडक्शन आणि वर सांगितलेला कोरडा खाऊ एवढे पुरेसे आहे. ज्यांच्याकडे सिलिंडरच आहे, त्यांनी दुसऱ्या सिलिंडरची रीतसर जोडणी घ्यावी आणि पहिला संपला की त्याच दिवशी नोंदणी करावी. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, पाइपचा हलका असल्याने वर चढतो. वास आल्यास दोन्ही बाबतींत दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि बाहेर पडून फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

प्रश्न : आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. वडील इन्सुलिन घेतात आणि रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावतात. वीज बराच वेळ गेली तर काय करावे? (कांदिवली)

उत्तर : १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसरात एकाएकी वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि उंच इमारतींत लिफ्टबरोबर पाणीही बंद झाले. असा प्रसंग विरळा असला, तरी आपल्या घराने त्याचा विचार करून ठेवायलाच हवा.

कॉन्सन्ट्रेटर साधारण तीन-साडेतीनशे वॅट वीज घेतो, त्यामुळे दिवे-पंख्यांसाठी घेतलेला छोटा इन्व्हर्टर रात्रभर पुरेल असे गृहीत धरू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरी ठेवावा आणि तो कसा उघडायचा, हे घरातल्या किमान दोघांना यायला हवे. सोसायटीच्या जनित्रावर निदान एक लिफ्ट आणि पाण्याचा पंप आहे का, याची चौकशी आजच करावी. खोलीत मेणबत्ती किंवा उदबत्ती लावू नये. ऑक्सिजनजवळ ठिणगीही पुरते.

इन्सुलिनची काळजी त्या मानाने सोपी आहे. वापरात असलेले पेन किंवा कुपी सामान्य तापमानात सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत त्या प्रकाराच्या माहितीपत्रकात पाहावी. न उघडलेल्या साठ्याला २ ते ८ अंश तापमान लागते. बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो, म्हणून वीज गेल्यावर तो उघडून पाहण्याचा मोह टाळावा. त्यापुढे रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, तिच्यावर जाड कापडाची घडी आणि मग इन्सुलिन, असे ठेवावे. बर्फाला थेट टेकून ते गोठले तर फेकूनच द्यावे लागते. दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरण्याचा उपाय विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो, पण मुंबईच्या जुलैतल्या हवेत पाणी पुरेसे उडून जात नाही आणि मडके गार होत नाही.

प्रश्न : तळमजल्यावर, मिठी नदीपासून जवळ आमची खोली आहे. दर पावसाळ्यात धास्ती असते. आधी काय करून ठेवावे? (कुर्ला)

उत्तर : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपल्या भागाने काय सोसले, हे आपणांस ठाऊकच आहे. पावसाइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची असते, कारण समुद्राची पातळी वर असताना नाल्यांतून पाणी बाहेर जाऊ शकत नाही. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा-वेळांची यादी महापालिका पावसाळ्याआधी प्रसिद्ध करते. ती कापून दाराच्या आत चिकटवावी. त्या तासांत मुसळधार पाऊस असेल, तर उंबऱ्याला पाणी लागण्याची वाट न पाहता आवराआवर सुरू करावी.

पहिले काम मेन स्विच बंद करण्याचे, आणि तेही पाय कोरडे असताना. पाणी स्विचपर्यंत आले असेल, तर त्याला हात न लावता बाहेर पडावे. दुसरे सिलिंडरचे. भरलेला सिलिंडर बुडून जागेवर राहील असे वाटते; पण त्याचे एकूण वजन तीस किलोंच्या आत आणि पोकळी तेहतीस लिटरची असल्याने तो भरलेलाही तरंगतो आणि रबरी नळी ओढून काढतो. रेग्युलेटर काढून, टोपी बसवून तो खिडकीच्या गजाला उभा बांधावा. धान्याचे डबे पलंगावर न ठेवता फळीवर चढवावेत.

बाहेर पडावे लागले, तर काठीने पुढची जमीन चाचपत, रस्त्याच्या कडेने चालावे. पाण्याखाली मॅनहोल उघडे असण्याचा धोका खरा आहे. साचलेल्या पाण्यातून चालणे झाल्यास, विशेषतः पायाला जखम असल्यास, ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक औषधे घ्यावीत. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, तेव्हा शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी त्यांना देऊ नये. पाणी ओसरल्यावर भिजलेले धान्य वाळवून वापरू नये, आणि चाळीची जमिनीखालची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक होईपर्यंत तिचे पाणी तोंडात घेऊ नये.

प्रश्न : कागदपत्रे आणि पैसे कसे ठेवावेत? (लालबाग)

उत्तर : शिधापत्रिका, घराचे कागद, विम्याची पॉलिसी आणि औषधांच्या चिठ्ठ्या झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत, एकाच जागी आणि कमरेच्या वर ठेवाव्यात, आधार आणि परवाना डिजिलॉकरमध्ये असला तरी फोन बंद पडू शकतो. त्याच कारणाने यूपीआयवर भिस्त न ठेवता दोन-तीन दिवसांच्या खर्चाइतकी रोकड दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत ठेवावी, कारण तशा वेळी पाचशेची मोड कोणी देत नाही. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६, पोलीस आणि तातडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, तसेच दोन नातेवाइकांचे क्रमांक कागदावर ठळक लिहून त्या पिशवीत आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात घालावेत.