परसबागेची पत्रपेटी : पाऊस वेळा पाळत नाही, मग टोमॅटो कधी लावायचे?

प्रश्न : मावशी, आम्ही दरवर्षी गच्चीवर पिशव्यांमध्ये टोमॅटो करतो. सासूबाई मृगाच्या तोंडावर बी टाकायच्या आणि सगळं निभायचं. आता मे महिन्यातच पाऊस लागतो, जूनमध्ये ओढ देतो आणि दिवाळीतही गाठतो. यंदा खालची पानं करपली, फळांची बुडं काळी पडली आणि उरलेली पिकता पिकता तडकली. बी नेमकं कोणत्या महिन्यात टाकू?
— एक वाचक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : ताई, एकच महिना मी सांगणार नाही. सगळा भार एका महिन्यावर टाकला की तो फसल्यावर वर्षच हातचं जातं. २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आला आणि दुसऱ्या दिवशी तळकोकणात पोहोचला. मृग लागायला तेव्हा दोन आठवडे होते.

आपल्याकडे टोमॅटोचं बी जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि डिसेंबर-जानेवारी असं तीनदा टाकतात. तुम्ही तिन्ही वेळा थोडं थोडं टाका आणि त्या त्या वेळीही पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन हप्ते करा. रोप लावण्याजोगं व्हायला साधारण चार आठवडे लागतात, लावल्यावर पहिली तोडणी दोन-अडीच महिन्यांनी. म्हणजे एक तुकडी झडीत सापडली तरी पुढची अजून रोपातच, आडोशाला असते. तरीही मला विचाराल तर कोल्हापुरात सप्टेंबरअखेरचं बी सगळ्यात भरवशाचं. त्याची फुलं थंडीत येतात, आणि रात्र १५ ते २० अंशांच्या आसपास असली की फूल जसं धरतं तसं एरवी धरत नाही.

आता करप्याचं. टोमॅटोला पावसापेक्षा जास्त मारतं ते ओलं राहिलेलं पान. खालच्या जुन्या पानांवर वर्तुळात वर्तुळ असा तपकिरी डाग असेल, तर तो लवकर येणारा करपा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की शिंतोड्यांबरोबर तो पानावर चढतो. म्हणून माती झाका. उसाच्या पाचटाला आपल्या जिल्ह्यात काय तोटा! चार बोटं जाड थर पसरा, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका आणि झाड काठीला सुतळीने सैल बांधा.

पिशव्यांची जागाही बदला. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. भिंतीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या पूर्व बाजूला झाडं ठेवली तर झड कमी लागते आणि सकाळच्या उन्हाने पानं लवकर वाळतात. वरून पारदर्शक प्लास्टिक तिरकं ताणा, पण बाजू मोकळ्या सोडा. चारी बाजू बंद करणाऱ्यांची झाडं मी हळहळत पाहिली आहेत. आत दमट हवा कोंडते आणि करपा दुप्पट वेगाने पसरतो.

संततधार लागायच्या आधी बोर्डो मिश्रण फवारा. दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या दोन भांड्यांत वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करून पाणी एकूण एक लिटर करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहा. खिळ्यावर तांबूस थर बसला तर चुना आणखी घाला. कोवळ्या रोपांना याच्या निम्मं पातळ करा, केलेलं त्याच दिवशी संपवा आणि तोडणीला आलेली फळं आधी काढून घ्या. हे रोग येण्याआधीचं औषध आहे. डाग झाडभर पसरल्यावर त्याचा उपयोग नाही.

बुड काळं पडणं आणि फळ तडकणं, दोन्हींचं मूळ पाण्याच्या हेलकाव्यात आहे. फळाला लागणारं कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. पाणी तुटलं की ते फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, मग माती चांगली असूनही बुड कुजतं. चुन्याची निवळी ओतून हे बहुतेकदा थांबत नाही. पावसाने उघडीप दिली की आपण पाणी घालायचं विसरतो, आणि गच्चीवरची पिशवी दोन दिवसांत कोरडी पडते. बोट खुपसून बघत जा. तडकण्याचंही तेच : कोरड्या पडलेल्या झाडाला अचानक भरपूर पाणी मिळालं की फळ आतून फुगतं आणि साल ताण सोसत नाही. आभाळ भरून आलं की रंग फिरलेली फळं तोडून आणा, ती घरात तितकीच छान पिकतात.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये झाड हिरवंगार असतं, फुलं भरपूर येतात, पण सगळी गळतात. खत वाढवू का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : दादा, खत मुळीच वाढवू नका. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजेल. दिवसा पारा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रही गरम, अशा हवेत परागकण निकामी होतात आणि फूल देठाशी पिवळं पडून गळतं. दुपारी हिरवी शेडनेट धरा, सकाळी पाणी द्या आणि फुलांचे घोस बोटाने हलके टिचकवा. टोमॅटोचे पराग थरथरीने सुटतात, म्हणून मोठा काळा भुंगा गच्चीवर आला तर त्याला हाकलू नका, तो हेच काम करतो. झाड उपटायची घाईही नको. वळवाचे दोन पाऊस होऊन रात्री निवल्या की त्याच झाडाला पुन्हा फळ धरतं.

प्रश्न : शेंड्याची पानं वाटीसारखी वळली आहेत, झाड खुजं राहिलं आहे. कोणतं औषध मारू?
— एक वाचक भगिनी, उचगाव

उत्तर : वहिनी, हा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असावा. त्यावर औषध नाही. झाड आजच उपटून पिशवीत बांधून टाका, म्हणजे शेजारची वाचतील. पुढच्या वेळी रोपं पहिला महिना बारीक जाळीखाली वाढवा आणि पिवळे चिकट सापळे लावा. बियाणं घेताना ‘अर्का रक्षक’ मिळतं का बघा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा संकरित वाण या विषाणूला, लवकर येणाऱ्या करप्याला आणि जिवाणूंमुळे होणाऱ्या मर रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही.

प्रश्न : आमचं परस पंचगंगेजवळ आहे. पुराचं पाणी शिरलं की हिरव्या फळांनी लगडलेली झाडं डोळ्यांदेखत जातात. काही वाचवता येईल का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : येईल, पण हात पाणी यायच्या आधी हलवावे लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता, परसात उतरा. पूर्ण वाढलेली, पांढुरकी झाक आलेली हिरवी फळं तोडा. बुट्टीत वर्तमानपत्र अंथरून ती एका थरात ठेवा, सोबत एक पिकलं केळं ठेवा, फ्रीजमध्ये घालू नका. ती रंग धरतील. बारकी कच्ची फळं पिकणार नाहीत, त्यांची शेंगदाणे-तीळ घालून चटणी करा.

मग निरोगी झाडांच्या बगलेतले वीतभर फुटवे कापा, खालची पानं काढा आणि पेल्यात पाणी घेऊन खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळ्या सुटतात. पाणी ओसरल्यावर जुनी चिखलमाती टाकून द्या, नव्या मातीत हेच फुटवे खोल लावा. बियाण्यापासून सुरुवात करण्यापेक्षा महिनाभर आधी फळ हाती येईल. पुराचं पाणी लागलेली फळं मात्र कितीही धुतली तरी खाऊ नका. त्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात.