शाळेत सकाळचा पौष्टिक नाश्ता दिल्याने मुलांना खरोखर फायदा होतो का?

आपला मुलगा नागपुरात सहावीत शिकतो, त्याची शाळा सकाळी सव्वासातला भरते, वर्गातील अनेक मुले चहा-बिस्किटांवर येतात आणि येत्या पालक सभेत शाळेतच नाश्ता सुरू करण्याचा विषय मांडावा की नाही, असे आपण विचारले आहे. जरूर मांडावा. मी याच शहरातील एका शाळेत सकाळच्या सत्रात २६ वर्षे गणित शिकवले. त्यांतील शेवटची ६ वर्षे पहिल्या तासाआधी मुलांना नाश्ता मिळत असे, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही वर्ग मी जवळून पाहिले आहेत.

रात्री साडेआठला जेवलेले मूल सकाळी कपभर चहा पिऊन निघाले आणि मधली सुट्टी साडेनऊला झाली, तर दोन जेवणांमध्ये तेरा तासांचे अंतर पडते. झोपेत यकृतातील साखरेचा साठा मेंदूला पुरवठा करीत असतो. मुलांच्या शरीरात हा साठा मोठ्यांपेक्षा कमी असतो आणि त्यांच्या मेंदूची गरज मात्र शरीराच्या मानाने जास्त असते. वर्गात याचे रूप अगदी साधे दिसते. फळ्यावरचे उदाहरण वहीत उतरवताना आकडा सुटतो, भागाकाराच्या तिसऱ्या पायरीवर मूल थांबते, कोणी डोके बाकावर टेकवते, कोणाचे पोट दुखू लागते. अशा कित्येक मुलांना मी आळशी समजून रागावलो आहे, आणि त्याची खंत मला आजही वाटते.

मात्र नाश्त्याने गुण वाढतील, असे आश्वासन सभेत देऊ नये. जमैकातील ग्रामीण शाळांमध्ये मुलांना वर्षभर नाश्ता देऊन केलेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांची उपस्थिती, उंची आणि वजन यांत थोडी सुधारणा दिसली, आणि अंकगणितातील प्रगती प्रामुख्याने लहान वर्गांत आढळली. माझा अनुभवही याच्याशी जुळणारा आहे. घरून पोटभर खाऊन येणाऱ्या मुलात फारसा फरक पडला नाही. उपाशी येणाऱ्या मुलाचे मात्र पहिले दोन तास वाया जाणे थांबले. नाश्ता सुरू करायला माझ्या लेखी एवढे कारण पुरेसे आहे.

‘दुपारचा पोषण आहार आहेच की,’ असा आक्षेप बहुधा येईल. त्या आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी मिळाव्यात, असे प्रमाण ठरलेले आहे आणि त्याचे महत्त्व मोठेच आहे. परंतु तो हाती पडेपर्यंत सकाळचे तास निघून गेलेले असतात. म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुपारच्या जेवणाखेरीज सकाळच्या साध्या, पौष्टिक नाश्त्याची शिफारस केली आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत अशी योजना सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांपर्यंत नेली.

नाश्त्यात काय द्यावे, याचा विचार सर्वात बारकाईने करावा लागतो. क्रीमची बिस्किटे, खारी किंवा गोड सरबत दिले, तर पोट भरल्यासारखे वाटते, पण तासाभरात भूक परत येते. धान्यासोबत डाळ, कडधान्य, शेंगदाणे किंवा अंडे असले की तीच भूक बराच वेळ दूर राहते. आपल्याकडच्या तर्रीपोह्यांतच हे सूत्र दडलेले आहे: नुसत्या पोह्यांना चण्यांची जोड मिळते आणि प्रथिनांची उणीव बरीच भरून निघते. मुलांसाठी तेलाचा तवंग व तिखट कमी करून चणे मात्र हात सैल सोडून घालावेत आणि वर लिंबू पिळावे, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते. चहा याच्या अगदी उलट काम करतो, म्हणून नाश्त्यासोबत तो देऊच नये. मुगाची धिरडी, भाज्या घातलेला सांजा, ज्वारीच्या कण्या हे पदार्थ आलटून पालटून ठेवता येतात. चूल पेटवणे शक्य नसेल त्या दिवशी फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि हंगामात एक संत्रे दिले तरी चालते. उपरोक्त धोरणातही चणे किंवा शेंगदाणे गुळासह आणि स्थानिक फळे असाच पर्याय सुचवला आहे. शेंगदाण्यांची ॲलर्जी कोणाला आहे का, हे पालकांकडून आधीच लेखी घ्यावे. उन्हाळ्यात शिजवलेले अन्न लवकर खराब होते, म्हणून ते त्याच सकाळी तयार झालेले असावे.

आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ‘घरी खाऊन न आलेल्यांनी हात वर करा,’ असे विचारून नाश्ता कधीही वाटू नये. आमच्याकडे पहिल्या महिन्यात नेमके हेच झाले आणि ज्यांना खरी गरज होती, तीच मुले हात वर करीनात. पुढे सर्वांना, शिक्षकांसह, एकाच पंगतीत बसवले तेव्हा तो संकोच गेला. सव्वासातच्या शाळेसाठी सात वाजता पंगत बसली, तर तासाचा वेळ मोडत नाही. उशिरा येणाऱ्या मुलाचा वाटा झाकून ठेवावा आणि त्याला वर्गात बसण्याआधी तो खाऊ द्यावा; शिक्षा म्हणून त्याचा नाश्ता बंद करू नये, हे सभेत पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.