मिठाच्या खोलीत जाण्याआधी

ताई, कोविड होऊन गेल्यावर चार महिन्यांनंतरही जिना चढताना धाप लागते, म्हणून मिठाच्या खोलीत जाऊ का, असं तुम्ही विचारलंत. ही धाप म्हणजे आळस नव्हे; हा लाँग कोविड, म्हणजे कोविडनंतर रेंगाळणारा त्रास, असू शकतो. मीही त्यातून गेलोय. मिठाच्या खोलीत हवेत मिठाचे बारीक कण सोडतात आणि त्यात नुसतं बसायचं असतं. मिठाचा असा उपचार जुनाच: पोलंडच्या विएलिच्का मीठखाणीत एकोणिसाव्या शतकापासून रुग्णांना नेतात, तरी मिठाने लाँग कोविड बरा होतो असा ठोस पुरावा नाही. खोलीत बसून माझा कफ सुटला, थकवा तसाच राहिला.

सुरुवातीला एवढंच:
- दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मिठाच्या कणांनी श्वासनलिका आकसू शकते. पंप जवळ ठेवा, औषधं बंद करू नका.
- दहा सत्रांचे पैसे एकदम भरू नका.
- बरं वाटलं म्हणून लगेच माळा आवरायला काढू नका. मी काढला, दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस अंथरुणात! जाण्यायेण्याची दगदगही श्रमातच धरा.